रडीच्या डावाला शिक्षा काय?

गल्लीतल्या पोरांना शिक्षेचे शास्त्र कोणी शिकवत नाही. पकडला गेल्यावर 'मी आधीच टाइमप्लीज म्हटलं होतं' असा कांगावा करणाऱ्यावर पुन्हा राज्य येते. तो रोजच रडी खायला लागला की त्याला 'चिडका बिब्बा' म्हणून चिडवतात. तेवढ्यानेही फरक पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी भिडू निवडताना त्याचे नाव कोणी घेत नाही. लिंबूटिंबूला मात्र यातले काहीच लागू नसते, कारण त्याला अजून खेळ कळत नाही हे सगळ्यांनी मान्य केलेले असते. गुन्हा, पुरावा, चढत जाणारी शिक्षा आणि अजाणत्याला माफी, सगळे इथे आहे. लिहिलेले मात्र काहीच नाही.

अडचण येते ती एका गल्लीची पोरे दुसऱ्या गल्लीशी खेळायला गेल्यावर. प्रत्येकाची 'आमच्याकडे असं चालतं' ही भाषा तिथे तोकडी पडते. आज मोबाईलवर किंवा संगणकावर एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एकत्र खेळतात, तेव्हा हीच अडचण फार मोठ्या आकाराने उभी राहते. कोणी मुद्दाम आपल्याच संघाला हरवतो, कोणी डाव अर्धा टाकून निघून जातो, कोणी आईबहिणीवरून शिव्या देतो. त्याला शिक्षा कोणी करायची, आणि ती कोणत्या नियमाने? खेळ बनवणाऱ्या कंपनीने की खेळणाऱ्यांनी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला कॅलिफोर्नियाइतकेच साताऱ्याकडे पाहावेसे वाटते. मैदानी खेळात हा प्रश्न तिथे शंभर वर्षांपूर्वी हाताळला गेला होता, आणि तोही खेळणाऱ्यांकडूनच.

तो खेळ म्हणजे हुतूतू, म्हणजेच आजची कबड्डी. नदीच्या वाळूत, खळ्यावर, देवळापुढच्या पटांगणात तो कित्येक पिढ्या खेळला जात होता, पण गावोगाव वेगळा. मैदान किती लांबरुंद घ्यायचे ते त्या दिवशी जमलेल्या माणसांवर ठरे. भिडू कधी सात, कधी नऊ, कधी त्याहून जास्त. चढाई करणाऱ्याचा दम गेला की नाही यावरून भांडणे होत, कारण दम ऐकायला तटस्थ कान नसे. दक्षिणेत चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू अशी याच खेळाची भावंडे होती. त्यांचेही नियम आपापले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे १९१८ ते १९२१ च्या सुमारास, साताऱ्यात या खेळाची नियमांची चौकट बांधली गेली. हुतूतूच्या तेव्हा मुख्य पद्धती तीन होत्या. 'गनिमी'त बाद झालेला भिडू डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येई. 'अमर'मध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजले जात. साताऱ्याच्या चौकटीत संजीवनी आणि गनिमी यांचा मेळ घातला होता. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये सुधारित नियमांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४ च्या सुमारास त्यात आणखी दुरुस्त्या केल्या. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. १९५० मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत गेली. या सगळ्या प्रवासात शेवटी टिकली ती संजीवनी. बाद झालेला माणूस परत येऊ शकतो, हे तत्त्व खेळाच्या केंद्रस्थानी राहिले. माझ्या दृष्टीने हा साधा तांत्रिक निर्णय नव्हता. डावाच्या तिसऱ्या मिनिटाला बाद झालेला पोरगा उरलेला सगळा वेळ मैदानाबाहेर बसणार असेल, तर तो तिथून आरडाओरडा करणार, पंचांशी वाद घालणार, निकाल लागायच्या आत घरी जाणार. परत येण्याची आशा असलेला गडी रांगेत बसतो आणि डाव डोळ्यांत तेल घालून पाहतो. निम्मी शिस्त शिक्षेच्या आधीच, खेळाच्या बांधणीतून येते.

आता प्रत्यक्ष शिक्षांकडे वळू. कबड्डीच्या आजच्या नियमपुस्तकात गैरवर्तनाची यादी वाचली की कोणत्या मातीतल्या भांडणातून कोणता नियम उगवला असेल याचा अंदाज करता येतो. चढाईपटूचे तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम मोडणे, इजा होईल अशी आडदांड पकड करणे, पायांची कैची घालणे, चढाईला निघायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लावणे, मैदानाबाहेरून खेळाडूंना शिकवणे, पंचांशी सारखी हुज्जत घालणे, त्यांच्याबद्दल अपशब्द काढणे. पकड फक्त धडाची किंवा हातापायांची करायची; केस किंवा कपडे धरायचे नाहीत. नियम करणाऱ्याने स्वतः कधीतरी कैचीत सापडून गुडघा दुखवून घेतला असावा, इतकी ही यादी नेमकी आहे. खुर्चीत बसून केलेल्या नियमांत 'अशोभनीय वर्तन' असा मोघम शब्द येतो. खेळाडूंच्या नियमात 'कैची' येते.

यातला सगळ्यात विचारी नियम माझ्या मते ढकलण्याचा. बचाव करणाऱ्याने चढाईपटूला मुद्दाम रेषेबाहेर ढकलले, तर ढकलणारा बाद आणि चढाईपटू नाबाद. केस किंवा कपडे धरून पकडले तरी तेच. एकाच निर्णयात दोन कामे होतात: ज्याने आगळीक केली त्याला शिक्षा, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याची भरपाई. तीही तिथल्या तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, खेळाच्याच चलनात. दंड भरायचा नाही, माफीपत्र लिहायचे नाही, चौकशी समिती नाही. एक गडी गेला, एक वाचला, पुढची चढाई सुरू. आपल्या न्यायालयांतही फिर्यादीच्या पदरात इतक्या लवकर काही पडत नाही.

वेळकाढूपणाची गोष्ट वेगळी, कारण त्यात नियम मोडला जात नाही. आघाडीवर असलेला संघ नुसते मध्यरेषेपलीकडे जाऊन परत येत राहिला, तर त्याला कोणत्या गुन्ह्याखाली धरायचे? हा उपद्रव शिक्षेने आटोक्यात येणारा नव्हता, म्हणून खेळच बदलला गेला. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी 'करो या मरो' ठरली: गुण आण, नाहीतर बाद हो. ज्या वर्तनाला शिक्षा करता येत नाही ते तोट्याचे करून टाकायचे, हा या नियमाचा मार्ग.

आणि शेवटी कार्डे. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच हद्दपार. हिरवे दुसऱ्यांदा आले की त्याचे पिवळे होते, पिवळे दुसऱ्यांदा आले की लाल. गल्लीतल्या पोरांची चढती भाजणी इथे रंगांत उतरली आहे. पिवळ्या कार्डाची दोन मिनिटे वरवर किरकोळ वाटतात, पण त्या दोन मिनिटांत संघ एका गड्याने तोकडा खेळतो. म्हणून शिक्षा झालेल्याला आपल्याच भिडूंचा राग सोसावा लागतो, आणि तो धाक पंचांच्या शिट्टीहून मोठा असतो.

आता संगणकाच्या जगात जाऊ. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये 'लॅम्डामू' नावाचे एक जग उभे केले. चित्रे नाहीत, फक्त अक्षरे. हजारो माणसे टोपणनावांनी तिथे येत, खोल्या बांधत, गप्पा मारत. चालवणाऱ्यांना 'विझार्ड' म्हणत. भांडणे मिटवून कंटाळलेल्या विझार्डांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले की यापुढे आम्ही फक्त यंत्रणा सांभाळू, तुमचे तंटे तुमचे तुम्ही सोडवा. काही महिन्यांतच 'मिस्टर बंगल' नावाच्या एका पात्राने एका आज्ञावलीच्या जोरावर इतरांच्या पात्रांकडून, त्यांच्या इच्छेविरुद्ध, लैंगिक आणि हिंसक कृत्ये करवून घेतली. अक्षरांतला असला तरी तो अत्याचारच होता, आणि ज्या स्त्रियांच्या पात्रांवर तो झाला त्यांना तो तसाच जाणवला.

लोक जमले, तासन् तास बोलले. त्याला हाकलावे असे पुष्कळांना वाटत होते. पण हाकलण्याचा अधिकार कोणाला, किती मतांनी, त्याला बाजू मांडू द्यायची की नाही, यातले काहीच ठरलेले नव्हते. सभा निर्णयाविना उठली. मग एका विझार्डने एकट्यानेच, स्वतःच्या अधिकारात, ते पात्र कायमचे पुसून टाकले. बहुतेकांना जे हवे होते ते झाले, पण ज्या रीतीने झाले ती रीत नको होती. यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली: खेळाडूने प्रस्ताव मांडायचा, पुरेशा सह्या मिळाल्या की मतदान, दोन तृतीयांश मते पडली की नियम. तंट्यांसाठी खेळाडूंमधूनच लवाद नेमले गेले. हा प्रयोग तीनेक वर्षे चालला. १९९६ मध्ये विझार्डांनी पुन्हा कारभार हाती घेतला. लवादांचेच तंटे इतके वाढले होते की नियम करण्याचा कंटाळा नियम मोडण्याच्या त्रासाहून मोठा झाला.

लॅम्डामूच्या लोकांपुढे जो पेच होता, तो सातारा-सांगलीच्या भूमीला परका नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातच होते. याच मुलखात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. इंग्रजांची कचेरी न्याय देणार नव्हती, म्हणून गावोगावी पंच बसवून लोकांनी तंटे मिटवले, दरोडेखोर आणि जुलमी सावकारांना शिक्षा दिल्या. 'पत्री सरकार' हे नाव ज्या शिक्षेवरून पडले ती आजही गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. सत्ता परकी किंवा दूरची असली की माणसे आपला कायदा आपण करतात. मला या इतिहासाचा अभिमान वाटतो. आणि त्याच वेळी हेही दिसते की फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा हात जितके एकमेकांच्या जवळ येतात, तितकी चुकीला वाव देणारी जागा वाढते. मिस्टर बंगलला पुसणारा एकटा विझार्ड नेमका याच जागी उभा होता.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ईजेनेसिस या छोट्या कंपनीने 'अ टेल इन द डेझर्ट' नावाचा खेळ काढला. प्राचीन इजिप्तची पार्श्वभूमी, लढाई अजिबात नाही. शेती, विटा, कारागिरी आणि समाज उभारणे हाच खेळ. त्यात खेळाडू कायद्याचा मसुदा लिहू शकत, त्यावर सह्या गोळा करत, मग सगळ्यांचे मतदान होई. कायदा मंजूर झाला की कंपनीचे प्रोग्रामर तो खेळाच्या आज्ञावलीतच घालत. म्हणजे तो मोडताच येत नसे. शिवाय खेळाडू आपल्यातून एकाला निवडून 'डेमी-फेरो'चे पद देत, आणि त्याला जास्तीत जास्त सात खेळाडूंना कायमचे हद्दपार करण्याचा अधिकार असे. सातच. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. अमर्याद अधिकार असलेला माणूस रागाच्या भरात तो वापरतो. सातच वेळा वापरता येणारा अधिकार हातात असलेला माणूस प्रत्येक वेळी थांबून विचार करतो. आणि त्याला त्याच्यासारख्याच खेळाडूंनी निवडलेले असते, उद्या त्यांच्यातच विटा पाडायला जायचे असते.

लहान जगात हे जमले. लाखो खेळाडूंच्या जगात काय होते ते 'लीग ऑफ लेजंड्स'ने दाखवले. रायट गेम्स या कंपनीने मे २०११ मध्ये 'ट्रायब्युनल' सुरू केले. ज्याच्याविरुद्ध वारंवार तक्रारी आल्या त्याची प्रकरणे, त्याने टाकलेल्या संदेशांसह, इतर खेळाडूंपुढे ठेवली जात, आणि त्यांनी 'शिक्षा' किंवा 'माफी' असे मत द्यायचे. एका गोष्टीने चांगला परिणाम झाला: शिक्षा झालेल्याला नुसते 'तुमच्यावर बंदी' असे न कळवता त्याचेच शब्द दाखवले गेले, आणि कारण कळलेल्या खेळाडूंचे वागणे जास्त सुधारले असे कंपनीला आढळले. पण निकाल यायला वेळ लागे. तोवर तो माणूस आणखी कित्येक डाव बिघडवून मोकळा. शिवाय ज्यांचा डाव बिघडला त्यांच्या पदरात काहीच पडत नसे. त्यांची हार हारच राहे. २०१४ मध्ये ट्रायब्युनल बंद झाले. कबड्डीचा ढकलण्याचा नियम इथे आठवतो. शिक्षा कडक आहे की सौम्य याने तितका फरक पडत नाही. ती डाव चालू असताना झाली पाहिजे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला तिच्यातून काही परत मिळाले पाहिजे.

पुन्हा आपल्या मुलखात येऊ. सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने इथे पिढ्या घडवल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्याच, स्वाती घाटेही इथल्याच. पटावर समोरासमोर बसून खेळताना हात लावलेला मोहरा चालवलाच पाहिजे हा नियम सगळ्यांना माहीत असतो, आणि समोर माणूस बसलेला असतो म्हणून बरेचसे सभ्यपणाने होते. पटावरचा डाव मोबाईलवर गेला की एक नवी खोडी सुरू होते: हरतोय असे दिसले की हार मान्य न करता घड्याळ चालू ठेवून निघून जायचे. समोरचा बिचारा दहा-पंधरा मिनिटे पडद्याकडे पाहत बसतो. २०१० मध्ये तिबो डुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेल्या, देणग्यांवर चालणाऱ्या लीचेस या संकेतस्थळावर याला सरळ उपाय आहे. असे वारंवार करणाऱ्याला थोडा वेळ नवा डाव सुरू करता येत नाही. पुन्हा केले की हा वेळ वाढत जातो, नीट वागले की प्रकरण मिटते. कबड्डीतले पिवळे कार्डच हे. थोडा वेळ बाहेर, मग परत.

आता आपल्याकडच्या मोबाईल खेळांबद्दल. २०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, २०२१ च्या जुलैमध्ये त्याचेच भारतीय रूप असलेले बीजीएमआय आले, मध्यंतरी तेही काही महिने अडवले गेले आणि २०२३ मध्ये परतले. सरकार, न्यायालये, पालक या सगळ्यांची चर्चा खेळावर बंदी असावी की नसावी यापुरती राहिली. खेळणाऱ्या मुलांनी मात्र तोवर आपली कायदेपुस्तके लिहायला घेतली होती. कस्टम रूम, म्हणजे ठरावीक संघांचा खासगी सामना, भरवणारा मुलगा व्हॉट्सॲपच्या गटावर नियम टाकतो: दोन संघांनी आपसांत संगनमत करायचे नाही, संगणकावरून एम्युलेटर लावून यायचे नाही, ऐनवेळी खेळाडू बदलायचा नाही, दुसऱ्याचे थेट प्रक्षेपण पाहून त्याला गाठायचे नाही. मोडल्यास गुण कापणार, बक्षीस रोखणार, पुढच्या रूममध्ये प्रवेश नाही. कैचीइतकीच नेमकी ही यादी आहे आणि ती खेळणाऱ्याच्याच अनुभवातून आली आहे.

या नियमांत मला दोन गोष्टी उण्या दिसतात. एक म्हणजे पंच आणि आयोजक बहुधा एकच असतो, आणि कित्येकदा त्याचा स्वतःचा संघही खेळत असतो. हुतूतूतही पूर्वी पंच खेळाडूंमधूनच उभे राहत, पण दोन बाजूंना दोन पंच आणि वर सरपंच अशी व्यवस्था पुढे आली, कारण एकाच्या कानावर दमाचा निकाल सोपवणे कोणालाच मान्य नव्हते. कस्टम रूममध्येही न खेळणारे दोन जण प्रेक्षक म्हणून आत घेता येतात. ती सोय खेळातच आहे. त्यांच्याकडे निकाल देणे काही अवघड नाही.

दुसरी उणीव भरपाईची. संगनमत करणाऱ्या दोन संघांचे गुण कापले जातात, पण त्यांनी मिळून ज्या तिसऱ्या संघाला संपवले त्याला काही मिळत नाही. तो त्या फेरीत बाविसावा आला तर बाविसावाच राहतो. त्याला त्या फेरीसाठी त्याच्या इतर फेऱ्यांचे सरासरी गुण द्यावेत, असा एक साधा नियम पुढच्या यादीत घालता येईल. ज्याने ढकलले तो बाद आणि ज्याला ढकलले तो नाबाद, हे कबड्डी खेळलेल्या सातारा-सांगलीच्या पोरांना दोनदा समजावून सांगावे लागणार नाही.